नळाले उद्या माईत नाही

हसा. हसून घ्या सगळ्याजनी. पापडाच्या लाट्या वाळल्या तरी चालतीन, पन रूपालीले पाहून हसनं सोडू नका... कॉलनीत पंधरा-वीस दिवसापासून रोज नळ येऊन राह्यला, लोकायनं पेढे वाटले, आनि ही बाई सकाळी सात वाजता रिकामी बादली घेऊन आयशाबीच्या अंगनात उभी! हो, मायाच घरचा नळ बंद हाय. हो, मीच बंद केला, मायाच हातानं. नाही, बिल थकलं नाही, पाइप फुटला नाही, मनोजसंग भांडन झालं नाही, आनि डोक्यावरही काही परिनाम झाला नाही, ते त्या कोन्ट्यातल्या वैनी बोटानं हळूच दाखवून राह्यल्या ना, दिसते मले इथून.

सांगते, सगळं सांगते. आयशाबी, नळ किती वाजता जाते? सव्वाआठले? मंग टाईम हाय. तुमचे हात चालू द्या, मी इथं बादली उपडी करून बसते.

आता मी कशी हाय ते तुमाले माईत हाय. एकमेकीकडे काय पाह्यता, सगळ्या कॉलनीले माईत हाय! कॉलेजच्या लायब्ररीत हाय मी, नऊ हजार पुस्तकं, कोनतं कोनत्या रॅकवर ते डोळे मिटून सांगते. घरी मात्र नेलकटर विचारू नका. घरातलं कोनतंही काम दिसलं की मायं तोंड आपोआप म्हनते, उद्या करू ना. भांडे? उद्या करू ना. कपड्याच्या घड्या? उद्या करू ना. बरं, मानसाले निदान नवरा तरी दुसऱ्या जातकुळीचा मिळावा का नाही? आमचे छत्तीसपैकी एकतीस गुन जुळले होते, गुरुजी म्हने असं जुळलेलं जोडपं वीस वर्षात पाह्यलं नाही. ते एकतीस गुन कोनते होते हे लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात समजलं, जवा मी म्हनलं, अहो, चादरी धुवायच्या हायेत, आनि आतून आवाज आला... उद्या करू ना.

मनोजचं कूलरचं दुकान हाय, तुमाले माईतच हाय. अख्ख्या अकोल्याचे कूलर उतरवते, धुते, झाकून ठेवते. आमच्या खिडकीतला कूलर दोन वर्षापासून जागचा हलला नाही. दिवाळीले म्हनलं, काढा ना तो कूलर. म्हने काढतो. संक्रांतीले म्हनलं. म्हने काढतो. परवा मार्च लागला, त मले म्हनते कसा, पाह्यलं? काढला असता त आता परत लावा लागला असता! ते एक काम, तुमाले सांगते, आपोआप झालं. बाकीचे होत नाही.

तर असं आमचं बरं चाललं होतं. पन दिवाळीच्या आधी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अमरावतीले. आई पातूरले एकटी राहे. बाबा गेल्यावर बारा वर्ष एकटी राह्यली, कोनाकडे जाऊन राहा म्हनलं त म्हने मले मायं घर पुरते. पन डॉक्टरनं सांगितलं, आता वॉकर घेऊन चालायचं, एकटं राह्यचं नाही, आनि पडायचं त बिलकूलच नाही. मंग राह्यली ती नीलमताईकडे. नीलमताई म्हंजे मायी मोठी बहीन, अमरावतीले शाळेत हेडमास्तरीन. तिचं घर पाह्यलं नसीन तुमी. तिखटाच्या डब्यावर तिखट लिवलेलं, हळदीच्या डब्यावर हळद, आनि एक डबा हाय, त्याच्यावर लिवलं हाय, लेबलं. मी शप्पथ घेऊन सांगते.

एक दिवस आईचा फोन आला दुपारी. हळूच बोलत होती, न्हानीत जाऊन. म्हने, "रूपाली, मले तुयाकडे ने वं. ताई चांगलं करते माय, काही कमी नाही. पन इथं सगळं झालेलंच असते! मी उठली का आंथरून घडी. पानी प्याली का गिलास धुवून उपडा. मले त वाटते, मी एका जागी जास्त येळ बसली ना, त मलेही पुसून फळीवर ठेवीन."

मी हसली. फोन ठेवल्यावर रडली. आईनं आजवर मायाकडे काही मागितलं नव्हतं हो, लग्नात साडीसुद्धा मी म्हनली तीच घेतली. पह्यल्यांदा मागितलं तेही काय, त मायं घर. मी त्याच दिवशी ठरवलं, आई मायाकडेच राहीन, मंग जे होईन ते होईन.

ताईले सांगितलं. ताई म्हने, आधी घर पाहते. आता आमची ताई चांगली असली की आपल्यासारखीच बोलते, पन चिडली की पुस्तकातलं मराठी सुरू होते. दारातून आत आली, दोन पावलं टाकली, आनि तिसरं पाऊल त्या खोक्याले लागलं. कोनतं खोकं? पोछा मारायची ती बादली येते ना, गरगर फिरनारी, ती मागवली होती मी. घर स्वच्छ ठेवायचं म्हनून. सात महिन्यापासून खोक्यातच होती, आमी त्याच्यावर बसून बूट घालो. ताई त्या खोक्याले अडकून सरळ सोफ्यावर, आनि सोफ्यावर कपडे, कपड्यात इस्तरी. थंड होती, नशीब. उठली आनि पुस्तक उघडलं. "रूपाली, हे घर आहे की मालधक्का? इथे मी पडले. आईचं काय होईल? तिचा पाय अडकला तर तो गुडघा पुन्हा उघडावा लागेल, कळतंय का तुला? संक्रांतीपर्यंत मुदत देते. जमिनीवर एक वस्तू दिसली तर आई कायमची माझ्याकडे."

आनि खरं सांगू? मले राग आला नाही. काहून की तिचं बरोबर होतं. बाकी पसाऱ्यात मी मजेत राहो, पन त्या पसाऱ्यात वॉकर घेतलेली आई डोळ्यापुढं आली ना, त मी ते खोकं लगेच पायानं भिंतीले सरकवलं.

मंग लागली कामाले. आधी टाईमटेबल. सोमवारी ओटा, मंगळवारी न्हानी, बुधवारी जाळे... चार रंगाचे स्केचपेन आनले, पट्टी आनली, असं देखनं टाईमटेबल बनलं की दोन दिवस आमी दोघं फ्रिजसमोर चहा घेऊन तेच पाहून राह्यलो. तिसऱ्या दिवशी ते फ्रिजच्या मागं पडलं. फ्रिज सरकवायचा वार त्याच्यात लिवलेला होता, पन तो कोनता ते कसं समजीन? मंग लायब्ररीतल्या एका पोरीनं मोबाईलवर ॲप टाकून देल्लं. ते टुंग वाजे आनि विचारे, ओटा पुसला का? खाली दोन बटनं. एक, झालं. दुसरं, उद्या आठवन द्या. आता मले सांगा, ज्यानं ते दुसरं बटन बनवलं त्याचं घर कसं असीन?

महिना गेला. डिसेंबर अर्धा झाला. मी रोज ठरवो आनि रोज उद्यावर जाये. घरकामाले शेवट नसते ना, वैनी, तीच त गोष्ट. ओटा पुसला की त्याच्यावर दूध उतू जाते. सुरू करून उपयोग काय, असं वाटे, आनि मी सुरूच करत नव्हती.

आनि मंग ही बसली हाय ना, आयशाबी, हिनं मले सांगितलं. तवा नळ पाचव्या दिवशी येत होता, आठवते ना? सकाळी सातले आला त सव्वाआठले गेला, मंग चार दिवस ठेंगा. त्या दिवशी मी सहा वाजताच उठून ड्रम घासून राह्यली होती, पाइप जोडला, मोठा गंज, छोटा गंज, गुंड, दोन बादल्या, सगळे लाईनीत मांडले, आनि आयशाबी भिंतीवरून पाहून राह्यली होती. म्हने, "अगे रूपाली, तू तो सब काम कल पे डालती. पानी कबी कल पे डाली क्या?"

मी पाइप हातात घेऊन हिशोबच केला. अठरा वर्ष झाले लग्नाले. ताप होता तरी पानी भरलं. होस्टेलले हाय ना आता, त्या पोराच्या वेळी नववा महिना होता तरी भरलं. मामेभावाच्या लग्नाच्या दिवशी शालू नेसून भरलं. एकदाही म्हनलं नाही, उद्या करू ना. काहून? कारन म्हनूनच उपयोग नाही. उद्या नळ येतच नाही! सगळे लोकं उद्यावर ऐकतात, मनोज ऐकते, ॲप ऐकते. नळाले उद्या माईत नाही.

आयशाबी म्हने, "तो फिर उसी के पीछे बांध दे ना बाकी काम. चार दिन बैठ, एक दिन उठ. लेकिन उठ."

बांधले. आता नीट ऐका, हे तुमच्याही कामाचं हाय. नळ यायच्या आधी ड्रम रिकामा करा लागते का नाही? आपन काय करतो, चार दिवसाचं शिळं पानी म्हनून धडाधड मोरीत ओततो. चांगलं पानी, पन नवं येनार म्हनलं की जुन्याले लगेच शिळं म्हनायचं, ही आपली खोडच हाय. मी ठरवलं, ते शिळं पानी मोरीत नाही, फरशीवर. आता फरशी पुसायची म्हंजे जमिनीवरचं सगळं आधी उचला लागीन. उचललं! पेपरचे गठ्ठे, चपला, मनोजचे कूलरचे पंप, खोकं... त्या खोक्यातून ती बादली काढली, आठ महिन्यानं उजेड पाह्यला तिनं. पह्यला ड्रम भराले बावीस मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाह्यले. त्या बावीस मिनिटात ओटा आनि गॅस. दुसऱ्या ड्रमले घड्या. गुंड भरेपर्यंत न्हानी. आनि नेम एकच, नळ हाय तोवर बुड टेकवायचं नाही, नळ गेला की फडकं खाली. अर्धं राह्यलं त अर्धं राह्यलं! शेवट नसलेल्या कामाले मले शेवट सापडला, सव्वाआठ वाजता.

मनोजही लागला. त्याले म्हनलं असतं घर आवरा, त तो म्हनला असता उद्या. पन "अहो, नळ आला!" म्हनलं की वऱ्हाडातला मानूस झोपेतही लुंगी सावरत उठते. उठला की त्याच्या हातात फडा. पह्यल्या दिवशी त्याले समजलंच नाही. झाडून झाल्यावर म्हने, पन नळाले फडा कायले लागते? म्हनलं, बोलू नका, ड्रम भरून राह्यला.

संक्रांतीले ताई आली, आईले घेऊनच. मुद्दाम न सांगता आली, पन नळाचा दुसराच दिवस होता, देवानंच धाडलं. ताईनं सोफ्याखाली वाकून पाह्यलं. पलंगाखाली बॅटरी मारली. मंग आईची पिशवी आत ठेवली, आनि पुस्तक मिटून आपल्या बोलीत म्हने, "करून दाखवलं वं बह्याडे." तिचेही डोळे भरले होते. जाता जाता मात्र बोट दाखवलंच, मी अधूनमधून येईन, असं जवा दिसनार नाही तवा आई मायाकडे.

आई रमली हो. आल्या आल्या वॉकर घेऊन घरभर फिरली, पलंगावर बसली, चहा प्याली, कप खाली ठेवला, आनि कितीतरी येळ त्या कपाकडे पाह्यत राह्यली. कोनी उचलला नाही. म्हने, आता कसं घरी आल्यासारखं वाटते!

आनि मंग... मंग त्या नव्या टाकीचं उद्घाटन झालं. तुमी नाचल्या. मीही पेढा खाल्ला, खोटं काहून बोलू. रोज नळ! कोनाले आनंद होनार नाही? पह्यल्या दिवशी सकाळी सातले नळ आला, मी फडकं घेऊन उठली, आनि पांघरुनातून मनोज म्हनते, "कायले धावते? उद्याही येते ना."

बस. तुमाले सांगते, ते वाक्य कानात गेलं आनि फडकं हातातून गळलं. खरंच की! उद्याही येते. परवाही येते. अठरा वर्षात एक गोष्ट होती जी मायं ऐकत नव्हती, तिलेही या लोकायनं उद्या शिकवला. ड्रम घासनं बंद, म्हनून फरशी बंद, म्हनून उचलनं बंद. अकरा दिवस. अकरा दिवसात ते खोकं परत हॉलमध्ये आलं, कोन घेऊन आलं देव जाने. ताईचा फोन येई, मी म्हनो, मस्त चाललं हाय.

बाराव्या दिवशी, म्हंजे गेल्या इतवारी, मी आत चहा टाकला होता आनि धप्प आवाज आला. धावली. वॉकर आडवा, पेपरचा गठ्ठा फुटलेला, आनि आई... आई कपड्याच्या ढिगात. अकरा दिवसाचे कपडे, घड्या न केलेले, कमरेइतका ढीग, आनि त्याच्यात ती मधोमध बसल्यासारखी. पाय पाह्यला, गुडघा पाह्यला, काही झालं नव्हतं. आई चादर बाजूले करत म्हनते कशी, "बरं झालं वं माय, घड्या नाही केल्या. केल्या असत्या त आज हाड मोडलं असतं."

ती हसली, मनोजही हसला. मले हसू आलं नाही. मी तिथंच जमिनीवर बसून रडली. गठ्ठा मायाच आळसाचा, ढीगही मायाच आळसाचा. एकानं पाडलं, दुसऱ्यानं झेललं. पुढच्या वेळी दुसरा नसला तर? आई मायाजवळ राह्यची हाय, मले ती पाह्यजे हाय घरात, सकाळी उठल्यावर तिचा खोकला ऐकाले पाह्यजे हाय, आनि मी तिले एका पेपरच्या गठ्ठ्यापायी घालवनार? आनि त्याच संध्याकाळी ताईचा फोन. "पुढच्या रविवारी येते मी." पुस्तकातलं मराठी. कोनी सांगितलं तिले, काय माईत.

सोमवारी सकाळी उठली. सगळे ड्रम भरले. घर आवरलं, जमेल तेवढं. आनि सव्वाआठच्या आधी बाहेर मीटरपाशी गेली, तिथं कॉक असते ना, तो फिरवला, बंद. त्याची चावी काढली. ठरवलं, बाकी कॉलनीले रोज येऊ द्या, मायाकडे नळ पाचव्याच दिवशी येनार. आज सोमवार, आता शनवारी. तवा परत ड्रम रिकामे, फरशी, ओटा, घड्या, सगळं. शनवारी सगळं झालं की इतवारी ताई. तवा हसल्या तुमी, मी भिंतीपलीकडून ऐकलं. हसा. कोनी लवकर उठाले घड्याळ दूर ठेवते, मी नळ दूर ठेवला.

पन चावी घरात ठेवायची कुठं? मायाजवळ ठेवली त मी पह्यल्याच दिवशी उघडीन. मनोजजवळ ठेवली त हरवीन. मी गेली आईकडे. म्हनलं, आई, हे तुयाजवळ ठेव. मी मागितली, रडली, पाया पडली तरी देऊ नको. शनवारी सकाळी सातले उघडायचं. आईनं चावी कनवटीले खोचली, मायाकडे पाह्यलं, मान डोलावली. मले वाटलं, सुटली मी. आता उद्या बिद्या काही नाही.

चार दिवस काढले. पानी मोजून वापरलं. काल रात्री ड्रम कोरडे करून ठेवले. आज शनवार. पहाटे साडेपाचले उठली मी, वैनी, स्वतःहून, अलार्म न लावता. पदर खोचला, मनोजले उठवलं, फडा देल्ला. पावनेसातले आईजवळ गेली. म्हनलं, आई, ऊठ, चावी दे, नळाचा दिवस हाय.

आई कुशीवर वळली. ज्या अंगाले चावी होती तेच अंग खाली घेतलं. डोळे उघडले नाही. आनि म्हनते कशी...

"कायची घाई हाय वं रूपाली... उद्या उघडू ना."

आनि मले एकदम आठवलं. लहानपनी आमच्या घरी दिवाळीचा चिवडा तुळशीच्या लग्नाले होये. आई सांगे, आपल्या घरान्यात तशीच रीत हाय. मी आजवर किती जनीले सांगितलं असीन, आमच्यात चिवडा उशिरा करतात म्हनून! ताई लहानपनापासून आत्याकडे शिकाले होती, ती वाचली. मी आईपाशी वाढली.

नळाले उद्या माईत नव्हता बाप्पा. चावी मी जिले देल्ली, तिचा त तो माहेरचा मानूस निघाला.

आता तिले हलवनार कशी, पायाचं ऑपरेशन झालेली बाई. आनि ताई त उद्या सकाळच्या गाडीनं येते. म्हनून आली मी, समजलं? सरका उलसक, आयशाबी, पाइप इकडं घ्या. दोन बादल्यात फरशी होते, तिसरीत ओटा, मी मोजलेलं हाय. शनवार हाय आज, नळाचा दिवस. मायाकडे नाही आला त नाही आला, तुमच्याकडे आला ना.